आधी चार-तीन, मग तीन-नऊ

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वही कुणाच्या हाती लागली तर त्याने चुका पोटात घालाव्यात, आणि वाचवत नसेल तर होती तिथे ठेवून द्यावी. कुणी वाचावी म्हणून मी लिहीत नाही. तोंडाने बोलायला गेले की शब्द घशातच अडतात, आणि अडलेले आतच राहतात. आता ते राहू देणार नाही म्हणून पोराच्या डिप्लोमाच्या जुन्या जर्नलमधली कोरी पानं घेतली आहेत.

राग कशाचा ते आधी सांगते. आमच्या बचत गटातल्या अकरा बायकांनी माझ्या शब्दावर पन्नास हजार रुपये दिले. माझ्या पोराने ते एका अशा वस्तूवर घातले की जी हातात धरता येत नाही, परत करता येत नाही, विकताही येत नाही. आणि ती वस्तू पहिल्याच सकाळी त्याच अकरा जणींशी खोटं बोलली. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच होतं. हे पैसे पै न पै परत गेले पाहिजेत, नाहीतर या गावात मला तोंड नाही.

आमचं गाव निरगुडसर आणि अवसरीच्या मधलं. घरी दोन गाई. हे टेम्पोवर असतात, पैशाचं काही काढलं की म्हणतात, तुझ्या पोराचं तू बघ. पोराने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, चाकणला दोन वर्षं कंत्राटावर काम केलं, मग ते सोडून जुन्नरच्या एका माणसाबरोबर धंदा सुरू केला. त्या माणसाच्या घरात आजोबांपासून तराजू-काटे दुरुस्तीचं काम. जुन्या बाजारपेठेच्या गल्लीत दुकान आहे. पोरगा त्यांना भाई म्हणतो. ते मला मावशी म्हणतात, दाढीत पांढरे केस आलेत तरी.

दोघांनी दूध डेअरीसाठी एक पेटी बनवायला घेतली. दुधाचं वजन काट्यावर होतं, फॅट, म्हणजे दुधात साय किती ते, दुसऱ्या मशीनवर लागतो, आणि त्यावरचा दर तिसराच माणूस वहीत बघून सांगतो. यांची पेटी ते सगळं एकत्र करून एका स्क्रीनवर दाखवणार आणि पावती काढणार. पेटीच्या आतलं काम भाईंना येत होतं. अडलं ते स्क्रीनवर काय आणि कसं दिसावं यावर.

लायब्ररी हा शब्द मी त्या महिन्यात इतक्या वेळा ऐकला की शेवटी चहा देताना विचारलं, कसली लायब्ररी.

पोरगा म्हणाला, "आई, स्क्रीनवर बटण दिसतं, आकडे दिसत्यात, पट्टी भरत जाते. त्ये सगळं आपण पयल्यापासून लिहीत बसलो तर दोन वरसं जातील. कुणीतरी आधीच लिवून ठेवलेलं असतं. त्ये घ्यायचं आन् आपल्या मशीनात बसवायचं."

मला कळलं. सोऱ्याच्या चकत्या. पीठ आपलं, आपल्या हाताने मळलेलं. चकली पडते की शेव पडते ते चकती ठरवते. चकती दुसऱ्याने बनवलेली. हे मी बोलले नाही, पण मला पुरतं कळलं होतं हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे मला काही कळत नाही असं बऱ्याच वेळा सांगण्यात आलं.

त्यांच्यापुढे दोन चकत्या होत्या. एक मोठी, एक छोटी. दोघं ओट्यावर बसून रोज त्याच गोष्टीवर भांडायचे.

"भाई, ह्यात सगळं आयतं हाय. कंप्युटरवर बटण उचलून ठेवायचं, झालं काम."

"चिप केवढी लागंल?"

"मोठी."

"मेमरी?"

"ती बी जास्त."

"आन् परवाना?"

पोराने चहाचा घोट घेतला. "परवाना लागतो. विकायचं असंल तर वर्षाचं पैसं भरावं लागत्यात."

"मंग ह्या छोटीनं काय घोडं मारलंय? फुकट हाय. बारक्या चिपवर पळतीय. लाइट गेली आन् आली तर डोळं मिटायच्या आत चालू."

"दिसती कशी बघा की. कॅल्क्युलेटर वाटतोय."

"दूध काय रंगरूप बघून घालत्यात व्हय राव?"

छोटीत एक खोट खरोखर होती. तिला मराठी जोडाक्षरं नीट जुळवता यायची नाहीत. भाईंनी त्यावर लागणाऱ्या पंधरा-वीस शब्दांची चित्रंच काढून बसवली होती. पोराला त्याची लाज वाटायची. म्हणायचा, हा जुगाड झाला, ही काय कंपनी झाली.

त्यातच डेअरीचे चेअरमन घरी येऊन गेले. पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल. म्हणाले, आपल्याला मोबाइलसारखं दिसणारं पायजे, लोकांनी बघत राहिलं पायजे, तसं केलं तर आपल्या पाचही सेंटरला घेतो. त्या दिवशी मोठी चकती ठरली. पुढे मला कळलं की भाईंनी पोराला तेव्हाच सांगितलं होतं, परवान्यात मी पैसे घालणार नाही, काट्याचं सामान घालीन.

एकदा दोन्ही स्क्रीन ओट्यावर शेजारी ठेवून चालू केले. पोरगा म्हणाला, "आई, तू रोज दूध घालतीस. तू सांग, कंचं चांगलं."

मोठीत निळा-हिरवा रंग होता, गोल तबकडी होती. आकडा शून्यापासून पळत वर जायचा, जरा पुढे जायचा आणि झोका खाऊन मागे येऊन थांबायचा. छोटीत काळ्या पाटीवर पांढरा आकडा एकदम उमटायचा. बस.

मी म्हणाले, "आकडा हलू नये."

तीनच शब्द. पोरगा हसला. "आई, त्याला ॲनिमेशन म्हणत्यात. महागाच्या फोनमध्ये आसंच असतं."

भाईंनी माझ्याकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं आणि बिस्कीट चहात बुडवलं. मी कप उचलून आत गेले. तेव्हा मी आत जायला नको होतं. तिथे बसून सगळं सांगायला हवं होतं. पण मला वाटलं, सांगायचं काय, पोराला माहीतच आहे.

काय माहीत आहे ते लिहिते, म्हणजे माझा राग समजेल.

आमच्या दूध सेंटरवर आकडा बोलतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बोलतात. त्याआधी तिथे एक माणूस होता, तो फॅटचा लाल आकडा उमटला की पुढे हात आडवा धरायचा, एक बटण दाबायचा आणि वहीत आपल्या मनाचा आकडा लिहायचा. विचारलं तर म्हणायचा, तुला दिसलं चुकीचं. मग एका म्हातारीने सुरू केलं. आकडा उमटला रे उमटला की ती मोठ्याने बोलायची, चार पॉइंट तीनला चार-तीन. आणि तिच्या मागे जी उभी असेल तिने तोच आकडा पुन्हा बोलायचा. दोन तोंडं झाली की लिहिणाऱ्याला दुसरं काही लिहिता येत नाही. तो माणूस गेला, म्हातारी गेली, मशीन तीन वेळा बदललं, पण बोलायचं राहिलं. डोळ्याला पहिल्यांदा जो दिसला तो आपला आकडा. त्यानंतर बदलला तर कुणाचा तरी हात लागला, असं आमच्यात मानतात. माझ्यासारखी लाजाळू बाईसुद्धा तिथे आवाज काढते. दिवसभरात तेवढाच मोठा आवाज माझ्या तोंडून निघतो.

आणि हा पोरगा सात वर्षांचा असताना चड्डी सावरत माझ्यापुढे उभा राहून आकडा ओरडायचा. माझ्याआधी ओरडायचा. त्याला सांगायचं तरी काय?

परवान्याच्या पैशासाठी त्याने मला गटाकडे पाठवलं. त्याचं बँकेचं जमत नव्हतं. आमची बैठक अध्यक्षाबाईंच्या ओसरीवर असते. बाई फटकळ, पण हिशेबाला चोख. आठ वर्षांत मी बैठकीत सहीपुरतीच. त्या दिवशी सगळ्यांचे हप्ते गोळा झाल्यावर मी म्हणाले, मला बोलायचंय. सगळ्या गप्प झाल्या, आणि त्याने मी आणखीच अडखळले. पोरगा डेअरीचं मशीन करतोय, त्याला परवाना घ्यायचाय, पन्नास हजार पाहिजेत, मशीन विकलं की सहा महिन्यांत देईन. एवढंच बोलले.

एक जण म्हणाली, "स्क्रीन म्हंजे टीव्ही व्हय गं? मालिका लागंल का डेअरीत?"

दुसरी म्हणाली, "लागली तर तू दूध घरीच इसरून यायचीस."

अध्यक्षाबाई म्हणाल्या, "ही बया आठ वरसांत पयल्यांदा बोलली. बोलली म्हंजे गरज असंल. न्हाई कसं म्हणायचं? काय गं, कुणाची हरकत?"

कुणाची हरकत नव्हती. तारण नाही, जामीन नाही. माझा शब्द. मी घरी येऊन पैसे पोराच्या हातात दिले तेव्हा त्याने फोनवरून ते कुठल्या तरी परदेशातल्या खात्यात पाठवले आणि त्याला एक मेल आला. मी म्हणाले, वस्तू कधी येणार. तो म्हणाला, आई, आली की. फोनची पाटी दाखवली. त्यावर इंग्रजीत दोन ओळी होत्या.

मशीन बसलं त्या सकाळी चेअरमननी नारळ फोडला. आमच्या गटातल्या सगळ्याच तिथे दूध घालतात, तेव्हा रांग जवळजवळ आमचीच होती. पोरगा नवा शर्ट घालून पेटीजवळ उभा. भाई जुन्नरहून पहाटेची गाडी धरून आले होते. नारळ फुटला आणि लाइट गेली. आली तेव्हा स्क्रीनवर एक गोल फिरत राहिला, फिरत राहिला.

"ह्याला आधी च्या पाजा," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसले.

मग स्क्रीन लागला. खरंच सुंदर दिसत होता. रांगेत पहिल्या अध्यक्षाबाई. त्यांचं दूध काट्यावर गेलं, नमुना मशीनला लागला, आणि आकडा पळत सुटला.

"चार-तीन," बाई मोठ्याने म्हणाल्या.

"चार-तीन," मागची म्हणाली.

आकडा मागे आला आणि तीन-नऊवर थांबला. पावती निघाली. तीन-नऊ.

बाईंनी पावती डोळ्यांजवळ धरली. "ह्ये काय? चार-तीन व्हतं."

पोरगा म्हणाला, "न्हाई काकू, तीन-नऊच हाय. त्यो जरा पुढं जाऊन मागं येतो."

"मागं येतो म्हंजे? कुणी आणला मागं?"

"कुणी न्हाई. तसंच दिसतं त्यात."

"मला दिसलं, हिला दिसलं. आमी दोघी आंधळ्या का?"

दुसरीचं दूध घेतलं. चार-दोन बोलली, तीन-आठ निघाला. तिसरीचंही तसंच. प्रत्येकीला मागे यायचा. एकीलाही पुढे जाऊन तिथेच थांबला नाही. आणि हे बायकांनी तिसऱ्या खेपेलाच ओळखलं.

"कुणाचं एकीचं तरी वाढलं का गं? सगळ्यांचं कमीच व्हतंय."

"यंत्र शिकवलेलं हाय बाई. कापायला शिकवलंय."

"आमच्याच पैशानं आमचंच दूध कापतंय की."

हे शेवटचं जी बोलली ती माझ्याकडे बघून बोलली. मी रांगेत आठवी होते. हातात किटली होती. मला तिथे म्हणायचं होतं की मी सांगितलं होतं, आकडा हलू नये असं मी सांगितलं होतं. पण ते म्हणणं म्हणजे पोराला सगळ्यांसमोर उघडं पाडणं. नाही म्हटलं.

चेअरमन आतापर्यंत फोटो काढत होते. त्यांनी दोन्ही मोबाइल खिशात घातले. म्हणाले, "मशीन ह्या पोरांचं हाय. मी काय बनवलं न्हाई. मी तर साधंच सांगितलं व्हतं, पोरांनी ह्ये खेळणं केलं."

साधंच सांगितलं होतं. माझ्या ओट्यावर बसून, माझ्या घरचा चहा पिऊन, मोबाइलसारखं पायजे म्हणणारा हा माणूस. त्याच्यावरचा राग मी मरेपर्यंत सोडणार नाही आणि तो सोडावा असं मला कुणी सांगूही नये.

दुपारपर्यंत जुनं मशीन परत बसलं. पाच सेंटरची गोष्ट तिथेच संपली.

घरी आल्यावर पोराने पेटी कॉटवर टाकली. भाई उंबऱ्याजवळ बसले. पोरगा म्हणाला, "अडाणी बायका. अर्ध्या सेकंदाचं ॲनिमेशन कळत न्हाई, आन् मशीनला चोर म्हणत्यात."

मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. पिठाच्या हातानेच बाहेर आले.

"अडाणी कोण?" मी म्हणाले.

त्याने मान वर केली. माझा असा आवाज त्याने घरात ऐकला नव्हता.

"फॅट किती व्हता?"

"तीन-नऊ."

"मशीनला कधी कळलं तीन-नऊ हाय ते?"

"लगेच. आधीच कळतं. मंग दाखवतं."

"मंग चार-तीन का दाखवलं?"

"आई, त्ये मी न्हाई घातलं. लायब्ररीत तसंच येतं. आकडा बदलला की झोका खाऊन बसतो. त्यांनी तसंच ठेवलेलं असतं."

"त्यांनी ठेवलं. तू बघितलं न्हाईस?"

तो पेटीची वायर गुंडाळायला लागला.

"बायकांनी जे दिसलं त्ये बोललं. एक आकडा चुकीचा बोलल्या न्हाईत. खोटं तुझ्या पाटीनं दाखवलं, अर्ध्या सेकंदाचं का व्हईना. आन् तू त्यांना अडाणी म्हणतोस. तू बी त्याच रांगेत वाढलास."

पुढे रडू आलं म्हणून आत गेले. भाकरी करपली होती.

संध्याकाळी तो कंप्युटरवर बसला आणि थोड्या वेळाने येऊन म्हणाला, बंद केलं. एका ओळीत बंद झालं. आकडा आता एकदम उमटत होता, स्थिर. मी ती पाटी बघत उभी राहिले. एक ओळ. ती ओळ आदल्या दिवशी लिहिली असती तर. ही ओळ आहे हे शोधायला त्याला तासभरही लागला नव्हता. मला त्या वेळी त्याला मारावंसं वाटलं. बावीस वर्षांच्या पोराला.

पण ओळ बदलून माणसं बदलत नाहीत. चेअरमनने पेटी पुन्हा बघायलाही नकार दिला. शेजारच्या गावांत बातमी गेली होती, कापणारं मशीन म्हणून. पोराने परवाना देणाऱ्या कंपनीला मेल केला की आम्हाला नको, पैसे परत द्या. उत्तर दोन दिवसांत आलं. त्याने मला वाचून दाखवलं. फार गोड भाषा होती. तुमची अडचण समजते, आम्हाला वाईट वाटतं, परवाना वर्षाचा असतो, वापरला नाही तरी परत होत नाही. मी म्हणाले, त्यांना वाईट वाटतं हे कुठल्या ओळीत लिहिलंय ते दाखव. त्याला वाटलं मी चेष्टा करते. मी चेष्टा करत नव्हते.

पेटी काढली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी नेहमीसारखी दूध घेऊन गेले होते. जुनं मशीन, लाल आकडे. माझा आकडा उमटला. मी म्हणाले, "चार-एक."

मागे कुणी बोललं नाही.

मागे अध्यक्षाबाई होत्या. मी पुन्हा म्हणाले, चार-एक. बाई किटलीचं झाकण घट्ट बसवत राहिल्या. लिहिणाऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि चार-एकच लिहिलं, त्याची काही तक्रार नाही. पण मी तिथून चालत घरी आले तेव्हा मला पायाखालचा रस्ता दिसला नाही. कुणी शिवी दिली असती तर सोसली असती. भांडल्या असत्या तर मीही कधीतरी बोलले असते. यांनी मला रांगेत उभं ठेवून रांगेतून काढलं. पुढचे कित्येक महिने सकाळ-संध्याकाळ मी माझा आकडा एकटीच बोलले. बोलायचं सोडलं मात्र नाही. बैठकीतही बसायचे. हप्ता द्यायचे, कर्जातलं जमेल तेवढं द्यायचे, सही करायचे आणि यायचे. चहा माझ्यापुढे यायचा, पण कुणी घे म्हणायचं नाही.

महिन्याभराने मी पोराला म्हणाले, मला जुन्नरला ने. तो म्हणाला, कशाला. मी म्हणाले, नेतोस का एसटीने जाऊ. तो गाडी काढायला गेला.

भाईंचं दुकान अरुंद, भिंतीला पितळी पारडी टांगलेली. मोठी पेटी एका कोपऱ्यात कापड टाकून ठेवली होती आणि टेबलावर छोटी पाटी उघडी. दोघं पुन्हा छोट्या लायब्ररीकडे आलेच होते, कारण मोठी चिप परवडत नव्हती. भाईंच्या घरातून चहा आला. त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "मावशी, त्या दिवशी तुम्ही बोलला तवा मला बी दिसलं व्हतं. आकडा पुढं जातोय त्ये. पण मला त्यात वावगं वाटलं न्हाई. काट्याची सुई बी झोका खाती. माझं सगळं आयुष्य झोका खाणाऱ्या सुया बघण्यात गेलं."

हे ऐकून माझा राग उलट वाढला. म्हणजे यांनी पाहिलं होतं.

मी म्हणाले, "सुई खरंच तोलत असती म्हणून हलती. पारड्यात वजन पडतं, तिला ठाव लागत न्हाई, म्हणून मागं-पुढं व्हती. समोरच्याला दिसतं की ती शोधतीय. तुमच्या मशीनला तर आधीच ठाव लागलेला. मंग त्यो हलायचं नाटक कशाला करतो?"

भाईंनी भिंतीवरचं एक पारडं बोटाने हलवलं. मग हळूच म्हणाले, "ह्ये आमच्या आब्बांनी ऐकलं असतं तर तुम्हाला दुकानात ठेवलं असतं."

"मला नको दुकान. मला गटाचं पैसं द्यायचेत. लिहून घ्या."

मी सांगितलं आणि पोराने लिहिलं. नमुना लागेपर्यंत पाटी कोरी. शून्यसुद्धा नको, शून्य दिसला तर बायका शून्य बोलतील. आकडा आला की एकदाच यावा आणि पुढची किटली काट्यावर चढेपर्यंत तिथेच राहावा, लिहिणाऱ्याने कुठलंही बटण दाबलं तरी. आकडा एवढा मोठा की रांगेतल्या चौथीला वाचता यावा. पाटी लिहिणाऱ्याकडे नको, रांगेकडे तोंड करून. वजन आणि फॅट एकावेळी एकत्र नको, एक झाल्यावर दुसरं. रंग नको.

पोरगा म्हणाला, "आई, एवढंच दाखवायचं असलं तर लायब्ररीची बी गरज न्हाई."

भाई म्हणाले, "असू दे की राव. शब्दांच्या चित्रांना लागतीय."

जी फुकट होती तीच शेवटी चालली. पहिल्या दिवसापासून ती ओट्यावर ठेवलेली होती.

त्या वेळी मी पोराच्या तोंडाकडे बघितलं. तो रागावलेला नव्हता. लाजलेलाही नव्हता. त्याला हे काम कमीपणाचं वाटत होतं, आणि ते मला अजून सहन होत नाही. रंगीत, पळणारी पाटी केली तर तो इंजिनिअर. माणसाला खरा आकडा एकदाच दाखवणारी केली तर तो कुणी नाही. हे त्याला कुणी शिकवलं मला ठाऊक नाही. मी नाही शिकवलं.

पाटी भाईंनीच विकली. आमच्या बाजूला कुणी घेतली नसती. जुन्नरच्या पलीकडे डोंगराकडच्या एका छोट्या सेंटरने पहिली घेतली, भाई त्यांचे काटे सांभाळायचे म्हणून. मग त्यांच्याच ओळखीने आणखी काही. प्रत्येक पाटीमागे पोराचा हिस्सा थोडाच निघायचा. तेवढ्यावर पन्नास हजार कधी फिटणार? मी त्याला सांगितलं, चाकणला परत जा. तो तोंड पाडून गेला. आता तिथे कसल्याशा मशीनच्या स्क्रीनचं काम करतो. पगार झाला की मला पाठवतो, मी मागायच्या आधी पाठवतो, हे त्याच्या बाजूने लिहायला हवं. त्यात मी एका गाईच्या दुधाचे पैसे घातले. दुसऱ्या गाईच्या दुधावर घर चाललं. सहा महिने म्हटलं होतं, त्याला वर्ष झालं.

परवा बैठक होती. शेवटचे पैसे मी रुमालात बांधून नेले. अध्यक्षाबाईंनी मोजले, पुन्हा मोजले, आणि वही पुढे ओढली.

"व्याज?" त्यांनी विचारलं.

"त्यातच हाय. उशिराचं बी."

बाईंनी वही बघितली, बोट फिरवलं आणि मान हलवली. मग सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, "मला ठाऊक व्हतं. ही बुडवणार न्हाई."

आजूबाजूच्या दोघी-तिघी म्हणाल्या, आमाला बी ठाऊक व्हतं.

माझ्या अंगाला नखशिखांत आग लागली. मी म्हणाले, "न्हाई. तुमाला ठाऊक नव्हतं."

मी रुमाल घडी करत पुढे बोलले.

"ठाऊक असतं तर माझ्या मागं आकडा बोलला असता. मशीनवर तुमी रागवला त्ये बरोबर व्हतं. त्यानं खोटंच दाखवलं. माझ्यावर रागवला त्ये बी चालंल, पैसं मी नेलं व्हतं. पण आता ठाऊक व्हतं म्हणू नका."

एवढं मी एका दमात बोलले. अध्यक्षाबाईंना राग आला की नाही ते मला कळलं नाही आणि मी शोधलंही नाही. त्यांनी पेन उघडलं, माझ्या नावापुढच्या कर्जाच्या रकान्यात आडवी रेघ मारली, तारीख घातली आणि वही माझ्याकडे फिरवली. मी सही केली. वेडीवाकडी आली, पण पूर्ण नाव लिहिलं. पन्नास हजार, व्याजासकट, सगळे फिटले.